भाऊजींची पकड

माझ्या भाऊजींना जिममध्ये सगळे ‘गादी’ म्हणतात, आणि तेही हाकेला ओ देतात. मला हे कळलं ताईच्या लग्नानंतर काही महिन्यांनी. मी त्यांचा विसरलेला डबा पोचवायला गेलो होतो. दारात एक टकल्या उभा होता. त्याला मी भाऊजींचं नाव सांगितलं, तर तो आठ्या घालून विचार करत बसला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "अच्छा, गादी! आहे ना, खाली आहे." खाली म्हणजे खरोखरच खाली होते. एक धिप्पाड माणूस त्यांच्या छातीवर बसून त्यांच्या तोंडावर गुद्दे घालत होता आणि भाऊजी त्याला खालून समजावत होते, "कोपर आत घे, कोपर. हां, आता बरोबर लागतंय."

भाऊजी व्यावसायिक फायटर. लाथा, बुक्क्या, कुस्ती, गळा आवळणं, हातपाय पिरगाळणं, सगळं ज्यात चालतं तो जाळीच्या पिंजऱ्यातला खेळ. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी वचकतो आणि मग विचारतो, "जिंकले किती?" मग मी हवापाण्याचा विषय काढतो. जिंकलेले आहेत, नाही असं नाही. शाळेच्या हॉलमध्ये, रिकाम्या गोदामात, पन्नास-साठ खुर्च्यांसमोर जिंकलेले आहेत. पण जिथे दिवे, कॅमेरे आणि तिकिटं असतात, त्या मोठ्या कार्यक्रमात एकदाही नाही. तिथे त्यांना बोलावतात तेच मुळी मार खायला. कुणीतरी नवा वर चढत असतो, त्याला एक सोपा विजय हवा असतो, आणि आयोजकांच्या फोनमध्ये अशा वेळी ज्यांना फोन करायचा त्या माणसांत आमचे भाऊजी पहिले.

त्यांचं खरं काम मात्र वेगळंच होतं. जिमचा हुकमी एक्का होता लाडोबा. हे नाव मी ठेवलेलं. बाकी सगळे त्याला ‘चॅम्प’ म्हणत. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि सरांचा इतका लाडका की त्याच्या पाण्याच्या बाटलीचं झाकणही दुसराच कुणीतरी उघडून द्यायचा. सर म्हणजे जिमचे मालक आणि प्रशिक्षक. जाड मान, गळ्यात शिट्टी, बसायला प्लास्टिकची खुर्ची. लाडोबाची लढत ठरली की सर समोरच्या फायटरचे व्हिडिओ भाऊजींना दाखवायचे आणि म्हणायचे, "आठवड्याभरात हा हो." आणि भाऊजी तो व्हायचे. समोरचा डावखुरा असेल तर हे डावखुरे. तो मान वाकडी करून उभा राहत असेल तर हेही तसेच. मग महिनाभर लाडोबा त्या माणसाला म्हणजे भाऊजींना रोज बडवायचा, म्हणजे खऱ्या दिवशी त्याला सगळं ओळखीचं वाटावं.

घरीही तेच सोंग चालायचं. जेवताना चमचा डाव्या हातात, खांदे भलतीकडेच. ताई विचारायची, "आज कोण आलंय जेवायला?" भाऊजी त्या फायटरचं नाव सांगायचे. "बरं, त्यांना म्हणावं, जेवून झालं की ताट घासून ठेवा."

आणि त्यांची स्वतःची लढत आली की काय व्हायचं? भाऊजी पिंजऱ्यात शिरायचे आणि मागच्या महिन्यात ज्याची नक्कल केली तसेच लढायला लागायचे. स्वतःचं असं त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं. मला ते बघून रडूही यायचं आणि दोन ठेवून द्याव्यात असंही वाटायचं.

लढतीच्या वेळी मी भाऊजींच्या कोपऱ्यात, म्हणजे जाळीबाहेरच्या त्यांच्या मदतनिसांत असायचो, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं. मी जनावरांच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर आहे. रक्त थांबवणं, जखम दाबून धरणं, आरडाओरड्यात हात न थरथरू देणं हे मला येतं, आणि जिममध्ये ते कुणालाच येत नव्हतं. म्हणून दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात फायटरची फुटलेली भुवई बंद करायचं काम माझ्याकडे आलं. दिवसा कुत्री-मांजरं, सुट्टीच्या दिवशी भाऊजी. फरक एवढाच की कुत्री चावतात आणि भाऊजी थँक्यू म्हणतात.

आता टॅप म्हणजे काय ते सांगतो, कारण भाऊजींचं सगळं त्यावरच फसलं. एखाद्यानं तुमचा गळा आवळला किंवा हात उलटा ताणला आणि आता सोसत नाही असं झालं की त्याच्या अंगावर हातानं दोनदा टकटक करायचं. म्हणजे, हरलो बाबा, सोड. सरावात टॅप झालं की समोरच्यानं त्याच क्षणी सोडायचं, पाठीवर हात ठेवायचा आणि विचारायचं, "बरा ना?" दुसरीकडे काय करतात मला माहीत नाही, पण सरांच्या जिममध्ये ‘बरा ना’ विचारल्याशिवाय पुढचा डाव सुरू होत नसे. खऱ्या लढतीत मात्र टॅप बघायचं काम रेफरीचं. त्यानं मध्ये पडून सोडवेपर्यंत आपण धरून ठेवायचं.

एकदा सरावात भाऊजींनी लाडोबाचा हात कोपरातून ताणला होता. लाडोबानं टॅप केलं. भाऊजींचं डोकं त्याच्या मांडीखाली दाबलेलं, त्यांना कळायला एका श्वासाचा उशीर झाला. कोपरातून कट्‌ असा आवाज आला. लाडोबा अर्धं वर्ष घरी बसला, त्याची एक मोठी लढत गेली.

सरांनी भाऊजींना हाकललं नाही. हाकललं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी भाऊजींना सोडायला शिकवायचं ठरवलं. रोज संध्याकाळी सराव संपला की सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. भाऊजींनी एकेकाला पकडायचं, त्यानं टॅप करायचं, भाऊजींनी सोडायचं. मागे सर ओला टॉवेल पिळून उभे. जरा उशीर झाला की मानेवर सपकन. आधी तळहातानं टॅप, मग दोन बोटांनी. आधी हातावर, मग पोटरीवर, तळपायावर, कुठेही. मग भाऊजींचे डोळे बांधून. मग कानाशी मोठ्यानं गाणी लावून. टकल्या सांगतो, लोकांना त्यात इतकी मजा यायला लागली की घरी जायची वेळ झाली तरी रांग हलत नसे. आमच्या दवाखान्यात कुत्र्यांना शिकवणारे लोक येतात. ते निदान बिस्किट तरी देतात.

सरांची शिकवण पक्की बसली. झोपेत ताईचा हात चुकून दोनदा लागला तरी भाऊजींचा हात आपोआप उचलला जायचा आणि ते पुटपुटायचे, "बरा ना?" ताई हे हसत सांगायची. मीही हसायचो.

मग सरांचे गुडघे गेले. मॅटवर बसलं की उठायला दोघं लागायचे. संध्याकाळचा वर्ग कुणाकडे तरी सोपवायलाच हवा होता, आणि भाऊजींना तो हवा होता. इतका हवा होता की त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली जायचा. खरं सांगायचं तर त्यांना लढायची हौस कधीच नव्हती, शिकवायची होती. मार खातानाही ते शिकवतच असायचे. एकदा त्यांनी धीर करून सरांना विचारलं, तेव्हा मी तिथेच पट्ट्या गुंडाळत बसलो होतो.

"शिकवतोस तू छान," सर म्हणाले. "पण लोक विचारणार, सर, तुम्ही मोठ्या कार्यक्रमात कुणाला हरवलंत? काय सांगशील? तेव्हा एक जिंकून आण. फक्त एक. दुसऱ्या दिवशी ही शिट्टी तुझ्या गळ्यात."

"एक," भाऊजी म्हणाले.

"एकच. हरलास तर मात्र गादी ती गादी. गादीला कोण सर म्हणणार?"

भाऊजी सदतीस वर्षांचे होते. डाव्या डोळ्याच्या पडद्याचं दोनदा ऑपरेशन झालं होतं आणि पुढच्या वर्षी परवाना देणार नाही, असं संघटनेच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगून टाकलं होतं. म्हणजे ‘एक’ जिंकायला हाताशी उरली होती ती एकच लढत. तीही कुणी बोलावलं तर.

त्याच सुमारास लाडोबा सरांना सोडून गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक नवी जिम निघाली होती. तिथे एसी होता, चारी भिंतींना आरसे होते, फळांचा रस देणारी मुलगी होती. सरांचा निरोप घ्यायलाही तो आला नाही, सामान न्यायला माणूस पाठवला. सर दोन दिवस अंथरुणाला खिळले. तिसऱ्या दिवशी उठून त्यांनी भिंतीवरचे लाडोबाचे सगळे फोटो काढले आणि मागे भिंतीचा रंग वेगळा दिसतो म्हणून परत लावले.

आणि मग आयोजकांचा फोन आला. लाडोबाच्या समोरच्या फायटरचा पाय मोडला होता, कार्यक्रम तोंडावर होता, बदली माणूस हवा होता. नाव खुद्द लाडोबानंच सुचवलं होतं. "गादीला बोलवा," तो म्हणाला होता म्हणे, "त्याला दुसरं काम काय असणार?"

सरांचे डोळे किती वर्षांनी चमकले. "याला काय माहीत, कुणाला बोलावतोय," ते म्हणाले. "अरे, त्याच्या अंगाखाली बारा वर्षं काढली आहेस तू. तुझ्याइतकं त्याला त्याची आई ओळखत नसेल."

हे मात्र खरं होतं. सराव सुरू झाला तेव्हा पहिली अडचण हीच आली की आता लाडोबाची नक्कल कोण करणार? ती करता येणारा माणूस एकच होता आणि तोच लढणार होता. शेवटी भाऊजींनी टकल्याला शिकवलं. लाडोबा पाय कसा टाकतो, मारण्याआधी ओठ कसा चावतो, आणि मुख्य म्हणजे दमला की काय करतो. दमला की तो डाव्या गुडघ्यावर बसतो आणि उठताना क्षणभर पाठ देतो. हे कुणालाच माहीत नव्हतं, सरांनाही नाही. भाऊजींना माहीत होतं कारण त्या क्षणी त्यांनी त्याला कितीदा तरी सोडून दिलं होतं.

मग फक्त तेच. टकल्या गुडघ्यावर बसायचा, पाठ द्यायचा, भाऊजी मागून चढायचे, हनुवटीखालून हात घालून गळा आवळायचे. टकल्या टॅप करायचा. भाऊजी सोडायचे. "बरा ना?" "बरा." पुन्हा. सर खुर्चीतून "वा!" म्हणायचे. मी "वा!" म्हणायचो. दिवसभर हेच चालायचं आणि त्यात काय चाललंय हे आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

ताई दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. भाऊजींच्या दातांचं माप घेऊन लढतीत घालायचं रबरी कवच तिनंच बनवून घेतलं. ते त्यांच्या तोंडात बसवता बसवता ती म्हणाली, "ऐकताय ना? जिंकलात तर शिट्टी. हरलात तर आमच्या दवाखान्यात फोन घ्यायला माणूस हवाय, तिथे बसायचं. मधलं काही नाही. ह्या गादीगिरीला मी कंटाळले आता."

भाऊजींचं तोंड भरलेलं होतं, त्यांनी मान हलवली.

"आणि जिंका हो," ती एकदम मऊ आवाजात म्हणाली. "मला एकदा तरी लोकांना सांगायचंय." मग लगेच, "आ करा. मोठा."

लढतीच्या आदल्या दिवशी वजन झालं. वजन उतरवायला पाणी तोडून तोडून भाऊजींचे गाल पार आत गेले होते. काट्यावरून उतरल्यावर लाडोबा स्वतः त्यांच्यापाशी आला, गळ्यात पडला. "गादी, सांभाळून हां. आपली जुनी दोस्ती आहे."

भाऊजींचे डोळे भरले. "किती गोड वागला बघ," ते मला म्हणाले.

"भाऊजी, उद्या तो तुमचं तोंड फोडणार आहे."

"ते तर कामच आहे रे त्याचं."

दुसऱ्या दिवशी पहिली फेरी लाडोबानं जवळजवळ एकट्यानंच खेळली. भाऊजींची उजवी भुवई फुटली. मिनिटभराच्या विश्रांतीत मी औषधाचा बोळा जखमेत दाबून धरला. सर कानाशी सांगत होते, "थांब. त्याला दमू दे. गुडघ्याची वाट बघ." भाऊजी शांत होते. पहिल्यांदाच ते कुणासारखे दिसत नव्हते. आमच्या भाऊजींसारखे दिसत होते, आणि मला वाटलं, जिंकतोय हा माणूस.

दुसऱ्या फेरीत लाडोबा खरंच दमला. आमच्याच कोपऱ्यासमोर, जाळीला लागून तो डाव्या गुडघ्यावर बसला आणि उठताना त्यानं पाठ दिली. भाऊजी चढले. हात हनुवटीखालून गेला, पकड बसली. इतकी स्वच्छ पकड मी आजवर पाहिलेली नाही. लाडोबाचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. माझ्यापासून हाताच्या अंतरावर, मधे फक्त जाळी. सर उभे राहिले होते, गुडघे विसरून. मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही.

रेफरी पलीकडच्या बाजूला वाकून लाडोबाच्या तोंडाकडे बघत होता. लाडोबाचा डावा हात अलीकडे होता, जाळी आणि अंग यांच्या फटीत. तो मला दिसत होता. जीव घुसमटलेल्या माणसाचा हात कसाही वेडावाकडा आपटतो. हा आपटला नाही. सावकाश वर आला, भाऊजींच्या मनगटाजवळ थांबला आणि दोन बोटांनी त्यानं हळूच दोनदा टकटक केलं.

भाऊजींची पकड उघडली.

ती उघडली हे त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. त्यांनी लाडोबाच्या पाठीवर हात ठेवला, मान वाकवून त्याच्या तोंडाजवळ नेली, आणि तोंडातल्या कवचातून बोबडं बोबडं विचारलं, "बरा ना?"

लाडोबा वळला आणि त्या उघड्या तोंडावर त्यानं कोपर घातलं. तोंड मिटलेलं असतं तर जबडा वाचला असता, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मग आणखी तीन-चार गुद्दे, तेही पडलेल्या माणसाला. मग रेफरीनं लढत थांबवली. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता.

सर रेफरीच्या अंगावर धावून गेले. "टॅप केलं त्यानं!"

"मी पाहिलं नाही," रेफरी म्हणाला. "तुमच्या माणसानं आपणहून सोडलं. मला वाटलं, हात भरून आले."

कॅमेरे सगळे पलीकडे. एकातही तो हात दिसला नाही. लाडोबाला माईकवर विचारलं, इतक्या घट्ट पकडीतून सुटलात कसे? तो म्हणाला, "गादीची पकड आहे हो, घरचीच. मी फक्त उठायची वेळ झाली असं सांगितलं." लोक खो खो हसले.

मला तो मागच्या बोळात सापडला. मी त्याची वाट अडवली. तो माझ्यापेक्षा दीडपट आहे, पण राग आला की मला असली गणितं सुचत नाहीत.

"तू टॅप केलंस."

"केलं," तो म्हणाला. "रेफरीनं पाहिलं का?"

"अरे, तुझी काळजी म्हणून सोडलं त्यांनी!"

"हो ना. सरांनी इतके दिवस ओला टॉवेल घेऊन शिकवलंय त्याला, माझ्याच कोपरासाठी. कामी नको यायला?" आणि माझ्या खांद्यावर थोपटून तो फोटो काढायला गेला.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता. इस्पितळात तारा बांधल्या, आणि पुढची देखभाल ताईच्याच डॉक्टरांकडे झाली. खुर्चीत भाऊजी, त्यांच्या तोंडात ताईनं धरलेली लाळ ओढायची नळी. तिची नजर फक्त नळीवर होती. तिचा असा चेहरा मी लहानपणापासून ओळखतो, तो फार वाईट असतो.

सर घरी भेटायला आले. भाऊजींनी तारांमधून कसंबसं विचारलं, "पण टॅप केलं ना त्यानं?" त्यांना दुसरं काहीच विचारायचं नव्हतं. आपण चुकलो की नाही, एवढंच हवं होतं.

"केलं असेल," सर म्हणाले. "तू काय रेफरी आहेस?"

"सर, तुम्हीच शिकवलंत त्यांना," मी म्हणालो. "हात लागला की सोड म्हणून. टॉवेल मारून मारून."

"सरावात सोड म्हणालो. पिंजऱ्यात सोड म्हणालो होतो का?"

नव्हते म्हणाले, हे खरं. सोडू नको असंही कधी म्हणाले नव्हते. मी हे तोंडावर बोलणार होतो, तेवढ्यात ताईनं विचारलं, "सर, चहा घेणार का तुम्ही?" ज्या आवाजात विचारलं तो ऐकून सर गुडघ्यांचा विचार न करता उठले आणि निघाले. दारात वळून म्हणाले, "शिट्टीचं आता विसर, गादी. माझाही नाइलाज आहे."

दातांच्या दवाखान्यात भाऊजी फोन घ्यायला बसले, पण जबड्यामुळे त्यांचं बोलणं पलीकडच्याला कळेना. लोक "कोण? कोण?" करून ठेवून द्यायचे. महिन्याभरात ते गुपचूप जिममध्ये परत गेले. परवाना नव्हता, लढत नव्हती. मॅट पुसायची, ग्लोव्हज वाळत घालायचे, आणि कुणाला पकडायला माणूस हवा असेल तर आडवं व्हायचं. ताईनं भांडून पाहिलं. मग तिनंच त्यांचा डबा भरायला सुरुवात केली.

पुढे लाडोबाचं नव्या जिमशी फाटलं. रसवाल्या मुलीवरून, असं टकल्या सांगतो, पण टकल्याचं काय ऐकावं. सरांनी त्याला परत घेतलं. नुसतं घेतलं नाही, शिट्टी त्याच्या गळ्यात घातली. लाडोबाच्या नावावर नव्या लोकांची झुंबड उडाली, आणि सरांना लाडोबा मुळात हवाच होता. भाऊजींना काय वाटलं असेल? मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

एके दिवशी भाऊजी घरी आले तेच वेगळ्या चालीनं. "मला वर्ग दिलाय," ते म्हणाले. "नव्या बॅचचा पहिला धडा. सर म्हणाले, तो गादीनंच द्यायचा, दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

ताईनं दोनदा विचारलं, "शिकवायचा? तुम्ही?"

"मीच. सगळ्यांसमोर उभं राहून."

ताईनं अर्धा दिवस रजा घेतली. केसांना रंग लावला, चांगले कपडे काढले, आणि मलाही दवाखान्यातून ओढून नेलं. आम्ही बूट हातात घेऊन भिंतीशी उभे राहिलो. मॅटवर नवी बॅच मांडी घालून बसली होती, वीसेक जण, बऱ्याच बायकाही. समोर लाडोबा, गळ्यात शिट्टी. शेजारी भाऊजी, ताठ उभे. सर खुर्चीत.

"पहिला धडा," लाडोबा म्हणाला. "टॅप. गादी, धर."

भाऊजींनी मागून त्याचा गळा धरला. लाडोबानं दोन बोटांनी टकटक केलं. भाऊजींनी सोडलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "बरा ना?"

"सरावात असं करायचं," लाडोबा वर्गाला म्हणाला. "आणि पिंजऱ्यात असं केलं तर?" तो वळला आणि त्यानं भाऊजींच्या त्याच जबड्यावर, हळू पण आवाज येईल इतपत, कोपर मारलं. भाऊजी ठरल्याप्रमाणे धपकन मॅटवर पडले, हातपाय पसरून. सगळा वर्ग हसला. सर हसले. मग लाडोबानं विचारलं, "पिंजऱ्यात कधी सोडायचं?" आणि सगळे एका सुरात ओरडले, "रेफरी सोडवेल तेव्हा!"

मी पुढे निघालो होतो. ताईनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की नंतर दोन दिवस वळ होता.

त्यानंतर भाऊजी जोड्यांमधून फिरले. कुणाचा अंगठा आत घेतला, कुणाची हनुवटी खाली केली. प्रत्येकाशी हळू, नीट बोलले. ते बोलणं त्या लोकांना कळत होतं. मग घाम पुसत आमच्याकडे आले. जबडा डावीकडून अजून पुरता उघडत नाही, त्यामुळे त्यांचं हसू एकाच बाजूनं येतं.

"बघितलंस?" त्यांनी ताईला विचारलं.

"बघितलं."

"ती कोपऱ्यातली बाई पाहिलीस? काय पटकन सोडलं तिनं. पहिल्याच दिवशी! हे सगळ्यांना नाही जमत."

आत शिट्टी वाजली. "गादी! दुसरी बॅच!"

"आलो," भाऊजी म्हणाले. मग ताईकडे बघून, जरा लाजत, "तुला घाई आहे का? ही बॅच मोठी आहे."

ताईनं रुमालानं त्यांचं कपाळ पुसलं. "नाही," ती म्हणाली. "थांबते."

आम्ही थांबलो. या वेळी लाडोबानं कोपराऐवजी उघड्या हातानं मारलं, आणि लोक जास्त हसले.